विमानात न्यायच्या पुस्तकाची एसटीत परीक्षा

मंडळी, परवा मी पहिल्यांदाच विमानात बसणार आहे. लेकीकडे, कॅनडाला. सलग चौदा तास! खिडकीबाहेर बघायची लय भीती वाटायलीय, म्हणून मान वर करू न देणारं पुस्तक सोबत हवंय.

आज बँकेच्या कामासाठी जिंतूरहून परभणीला निघाले, तेव्हा घरातली तीन पुस्तकं पिशवीत टाकली. म्हटलं, एसटीत जे टिकेल तेच विमानात न्यायचं.

जाडजूड कादंबरी पाच मिनिटांत मिटली. प्रवासवर्णन वाचताना पेंग आली. तिसऱ्या पुस्तकात घरचे एका मुलीची शाळा बंद करतात आणि ती कुणाला न सांगता पहाटे वही घेऊन शाळेच्या वाटेला लागते.

शेजारच्या सीटवरच्या मावशी वाकून म्हणाल्या, "काय लिहिलंय त्यात, बाई? जरा मोठ्यानं वाच की."

मी वाचायला लागले. बऱ्याच वेळानं कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमचं बोरी गाव कवाच मागं गेलं की!"

"जाऊ दे. पोरगी शाळेत पोचली का न्हाई ते आधी कळू दे."

पोरगी पोचायच्या आतच झरीचा थांबा आला. परतीच्या गाडीसाठी मावशींना तिथंच उतरावं लागलं. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून माझ्याकडंच बघत होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

बोरीचं कुणी आहे का इथं? हिरवं लुगडं, जाड काड्यांचा चष्मा, हातात मेथीच्या दोन जुड्या. त्यांना पुढचं कुणी वाचून दाखवणार असेल तर सांगा, पुस्तक उद्याच पाठवते.

मी विमानात खिडकीबाहेर बघेन.