सात पाण्यांचं गुळवेल सत्त्व

गिरगावातल्या त्या वैद्यबुवांवर माझा राग अजून आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

लालबागला माझं काष्ठौषधींचं दुकान आहे. सुरुवात परळच्या चाळीतल्या गॅलरीत शिकेकाई कुटून केली. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी या धंद्यात नव्हतं. भाव करताना समोरचा थकेपर्यंत मी थकत नाही, आणि आवाज एकदा चढला की उतरायला वेळ लागतो. हे सगळे जाणतात. पण मालात भेसळ केली, असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

गुळवेलीचं सत्त्व मी स्वतः काढते. दादरला फुलबाजाराच्या कडेला पालघरकडच्या बाया ओल्या वेलीच्या मोळ्या घेऊन बसतात. त्यांच्याकडून अंगठ्याएवढी जाड वेल निवडून घ्यायची, वरचा पापुद्रा सोलायचा, तुकडे ठेचून पाण्यात भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी हाताने कुस्करून फडक्यातून गाळलं की भांड्याच्या तळाशी साका बसतो. वरचं पाणी ओतून द्यायचं, नवं घालून ढवळायचं, पुन्हा बसू द्यायचं. दोन पाण्यांत साका राखाडी राहतो. सात पाण्यांत पांढराशुभ्र होतो. तो वाळवला की सत्त्व तयार.

वैद्यबुवांकडे पहिल्यांदा मी राखाडीच नेलं होतं. त्यांनी चिमूटभर बोटांवर घासलं आणि पुडी माझ्याकडे सरकवली. "बाई, हे मळकट आहे. पांढरं आणा." तेव्हापासून मी सात पाणी करत आले. माझ्याइतकं पांढरं सत्त्व बाजारात कुणाकडे नाही, हे मी दहा जणांना ऐकवलं असेल.

मग वैद्यबुवांनी स्वतःच्या नावाच्या बाटल्या काढायचं ठरवलं आणि त्यासाठी सगळा माल तपासून घेतला. मला बोलावलं तेव्हा बाकावर रुग्ण बसले होते.

"बाई, तुमचं सत्त्व उपवासाला चालेल," ते म्हणाले. बाकावरचे दोघं-तिघं हसले. "कडू द्रव्यं नाहीत, नुसता स्टार्च. बटाट्याचा की आरारूटचा, ते आता तुम्हीच सांगा."

"मी बटाटा घालीन?"

"मी कुठे म्हटलं? रिपोर्ट म्हणतोय."

रिपोर्टमध्ये बटाट्याचं नाव नव्हतं. तो मी तिथेच मागून घेतला आणि बाहेर येऊन शब्दन् शब्द वाचला. संध्याकाळी माझ्याकडूनच सत्त्व घेणाऱ्या दादरच्या वैद्यांचा फोन आला: सत्त्व सध्या नको. कारण विचारलं तर म्हणाले, "गिरगावहून कळलं." बाकीच्यांपर्यंत पोचायला किती वेळ लागणार होता? वीस वर्षांत मी कमावलेली वस्तू एकच होती, माझ्या पुडीवर कुणी शंका घेत नसे.

दुसऱ्याच दिवशी भायखळ्याच्या एका प्रयोगशाळेत गेले. तिथली केमिस्ट माझ्या लेकीच्या वयाची. तिच्याशी घासाघीस करून दोन नमुन्यांच्या फीमध्ये तीन तपासायला लावले: वाळलेली गुळवेल, माझं सत्त्व, आणि मी मुद्दाम विकत आणलेली बटाट्याची पावडर.

"काकू, बटाटा कशाला?" तिने विचारलं.

"म्हणजे तो कसा दिसतो हे कागदावर येईल."

तिने मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. बटाट्याचे कण मोठे, शिंपल्यासारखे, रेघारेघांचे. माझे बारीक. "हा बटाटा नाही. गुळवेलीचाच स्टार्च आहे, तसं लिहून देते," ती म्हणाली. मी पर्स उचलली. ती म्हणाली, "थांबा, अजून आहे."

तिन्ही नमुन्यांच्या रांगा उमटवलेली एक काचपट्टी तिने निळसर दिव्याखाली धरली. गुळवेलीच्या रांगेत एक ठिपका पिवळा चमकत होता. तो बर्बेरीनचा, तिने सांगितलं, आणि त्याच्या वरखाली कडू द्रव्यांचे आणखी काही. सत्त्वाच्या रांगेत काहीच नव्हतं.

"तुम्ही हे धुता का?"

"सात वेळा," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"आणि ते पाणी?"

दोन दिवसांनी नव्या वेलीचं पहिलं पाणी बाटलीत भरून तिच्याकडे नेलं. ते पिवळसर होतं आणि जिभेला लावलं तर कडूजहर. काचपट्टीवर सगळे ठिपके उमटले. स्टार्च पाण्यात विरघळत नाही म्हणून तळाशी राहतो, ही द्रव्यं विरघळतात म्हणून निघून जातात, असं तिने समजावलं. मी इतकी वर्षं औषध मोरीत ओतत होते आणि उरलेल्याच्या पांढऱ्या रंगावर मिरवत होते. ही चूक माझी. ती मी कबूल करते, कारण ती चूक आहे, लबाडी नाही.

एका पाण्याचं सत्त्व काढलं, तेही तपासलं. त्यात ठिपके होते, फिके का होईना. मग दोन्ही सत्त्वांच्या तपासणीचे कागद आणि राखाडी पुडी घेऊन गिरगाव गाठलं. मुद्दाम रुग्णांच्या वेळेला.

वैद्यबुवांनी कागद वाचले, पुडीतलं जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं. "हे खरं. हे आधी का नाही आणलंत?"

"आणलं होतं. मळकट म्हणून तुम्ही परत केलंत."

ते चष्मा पुसत बसले. "बरं, आता हेच देत जा."

"देते. आधी दादरला फोन करा. माझ्यासमोर, स्पीकरवर."

"बाई, आत्ता रुग्ण आहेत."

"त्या दिवशीही होते."

त्यांनी फोन लावला. "अहो, ते लालबागच्या बाईंचं सत्त्व, जरा गैरसमज झाला होता," एवढं बोलून ठेवून दिला.

मी पुडी परत पिशवीत टाकली. "गैरसमज नाही. मी भेसळ केली असं तुम्ही सांगितलंत. भेसळ नव्हती आणि पांढरं तुम्ही मागितलंत, हे सांगा."

बाकावर आता कुणी हसत नव्हतं. वैद्यबुवांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे, आणि पुन्हा दादरचा नंबर लावला.