राखणदाराच्या वाटेवरची गाडी

नवऱ्याला मी आयुष्यात एकदाच मारलं, आणि तेही टॉमीनं. टॉमी म्हणजे गाडीचं चाक खोलताना लागतो तो लोखंडी दांडा. मारताना मी त्यांना अहो-जाहोच करत होते, एवढं वळण मात्र सुटलं नाही.

आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे. नवरा गोव्यात मुळगावकडच्या खाणीवर फिटर होता. खाण थंडावली, मुकादम गाव सोडून निघाला आणि जाताना त्यानं आपली जुनी छोटी गाडी आमच्या गळ्यात मारली. मग नवऱ्याला धारगळला हायवेलगतच्या गॅरेजात काम लागलं आणि मी शेजारच्या हॉटेलात चपात्या लाटू लागले. राहायला एक खोली, तीही आणखी दोन जोडप्यांबरोबर, मध्ये साड्यांचे पडदे टाकून. तिथं पोरीला आणणं शक्यच नव्हतं, म्हणून ती माझ्या माहेरी होती.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा पोरीच्या पोटरीवर उलथन्याचा डाग दिसला. भावजयीनं तापवून लावला होता, दूध सांडलं म्हणून. मी भावजयीची वेणी धरून तिला चुलीपर्यंत ओढत नेलं. भावानं मध्ये पडून माझ्या दोन कानाखाली वाजवल्या आणि म्हणाला, "एवढी माया असंल तर घेऊन जा की." घेऊन कुठं जाऊ? पोरगी दाराआड उभी राहून सगळं बघत होती. शाळा सुरू व्हायच्या आत तिघांची वेगळी खोली करायची, असं मी एस.टी.त बसल्या बसल्या ठरवलं.

पण मोपाच्या विमानतळाची बोलणी सुरू झाल्यापासून पेडण्यातले घरमालक असे बोलायचे की विमान जणू त्यांच्याच अंगणात उतरणार आहे. भाडं देत राहिलो तर खोलीसाठी काही उरणार नाही, हे उघड होतं. म्हणून पडद्यांची खोली सोडली आणि गाडीत राहायला गेलो.

गाडीत संसार होतो. लोक हसतात, पण होतो. पुढच्या सीटा मागं पाडल्या की दोन माणसं गुडघे मोडून झोपतात. डिकीत पीठ, तांदूळ, रॉकेलचा स्टोव्ह. स्टिअरिंगवर ओले कपडे. पाटा तेवढा मावला नाही. आमच्याकडच्या बाईला ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही, आणि पाट्याशिवाय ठेचा म्हणजे नुसती मिरची.

जागा नवऱ्यानं शोधली. हायवेवरून आत, काजूच्या टेकडीच्या पायथ्याशी काजऱ्याचं मोठं झाड होतं. सावली गर्द, विहीर जवळ, आणि भाडं मागायला कुणी येत नव्हतं. झाडाच्या मुळाशी एक सपाट काळा दगड होता. त्याला शेंदूर नाही, फूल नाही. देव असता तर मी ओळखला असता, आमच्याकडे म्हसोबा काय कमी आहेत? मी दगड धुतला आणि त्याच्यावर लसूण-मिरची वाटायला लागले. पाट्याहून झकास ठेचा व्हायचा.

कधी कधी त्या दगडावर विड्या ठेवलेल्या असायच्या, कधी बाटलीच्या तळाशी थोडी दारू. "पिणारी येत असतील," नवरा म्हणायचा आणि विड्या ओढून टाकायचा. पाववाला पोदेर मात्र कधी झाडाखाली आला नाही. लांब वाटेवरच भोंगा वाजवत उभा राहायचा, मी चालत जाऊन गोल उंडे पाव आणायचे. मला वाटायचं, आळशी आहे.

एक म्हातारी रोज काजूच्या बिया गोळा करायला तिथून जायची. एकदा थांबून म्हणाली, "बाय, गाडी वायच पलयाड लाव गो. ही वाट आसा."

मी म्हटलं, "आजी, ट्रक जाईल एवढी जागा ठेवलीया की बाजूला. कुणाची अडलीया वाट?"

तिनं नुसतं झाडाकडे बघून हात जोडले आणि गेली. माझ्या तोंडाला भ्याली असं मी समजले.

शिमगा जवळ आला होता. एका संध्याकाळी मी दगडावर मिरची वाटत होते, नवरा नुकताच कामावरून आला होता. वाड्यातला एक तरुण पोरगा मोटरसायकलवरून आला आणि आमच्या पुढच्याच वळणावर आपटला. कशाला धडकला नाही, कुणी आडवं आलं नाही. पाय मांडीपाशी मोडला आणि हाड बाहेर आलं. मी धावत जाऊन माझा पदर फाडून बांधला. त्याला कुणीतरी रिक्षात घालून नेलं आणि थोड्याच वेळात वाड्यातली माणसं आली. मला वाटलं, आभार मानायला आली.

पहिला दांडा समोरच्या काचेवर बसला.

"राखणदाराची वाट आडवून बसल्यात ही भायली!" कुणीतरी ओरडलं. दुसरा दांडा बाजूच्या काचेवर. आमच्या गाद्यांवर, तांदळात, पोरीसाठी घेतलेल्या नव्या दप्तरावर काचा पडल्या. नवरा हात जोडून "चुकलं, चुकलं" म्हणत होता. मला कळेना, चुकलं काय? माझ्या डोळ्यासमोर ते दप्तर होतं. मी सीटखालचा टॉमी ओढला आणि सगळ्यांत पुढच्या म्हाताऱ्याच्या मनगटावर घातला. त्याच्या हातातला दांडा उडाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात काजूवाल्या म्हातारीनं तो दगड बघितला. खाली वाकून वास घेतला. "अरे देवा," ती म्हणाली, "तेच्या फातरार मिरसांग वाटल्या गो हिणें!"

सगळी एकदम गप्प झाली. रागावलेल्या माणसांची मला भीती नव्हती, ह्या गप्प बसलेल्यांची वाटली. मग म्हातारीनं सांगितलं. हा गावाचा राखणदार. रोज रात्री हातात काठी घेऊन गावाची शीव फिरतो. विड्या त्याच्या, दारू त्याची, दगड त्याचा, आणि आमची गाडी बरोबर त्याच्या वाटेवर. त्याच्याच जागेत एकट्यादुकट्यानं उभं राहून त्याचं नाव घेत नाहीत, म्हणून वाट कुणाची ते ती त्या दिवशी बोलली नव्हती.

गर्दीत नवऱ्याच्या गॅरेजातला एक गडी होता. तो नवऱ्याला म्हणाला, "तुका पयल्याच दिसा सांगल्लंय मां रे, थय गाडी लावू नको म्हणान?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पायाकडे बघत होता.

"तुम्हास्नी ठावं होतं?" मी म्हटलं.

"फुकट जागा मिळत हुती गं," तो म्हणाला. "पोरीला लवकर आणायचं म्हणून..."

"आणि मला मिरच्या वाटू दिल्यासा?" असं म्हणत मी टॉमी त्याच्या खांद्यावर हाणला. हाड वाजलं. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा मला मारायला आलेल्यांनीच माझे दोन्ही हात धरले. "सोड गो बाये, मरतलो तो!" ज्यानं आमची काच फोडली होती, तोच नवऱ्याला पाणी पाजत होता.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालणारा नेमका तोच म्हातारा, ज्याचं मनगट मी सुजवलं होतं. त्यानं धुतलेल्या दगडावर विडी, दारू आणि जाड रोट ठेवला. एक हात नीट उचलत नव्हता, तरी दोन्ही जोडले. माझ्याकडे न बघता विचारलं, "घर खंयचां म्हणान सांगू?"

मी गाडीकडे बोट दाखवलं.

त्यानं गाडीकडे एकवार बघितलं. मग मोठ्यानं म्हणाला, "देवा म्हाराजा, ही भायली माणसां पोटासाठी इल्ली. तुजी वाट आडवली, तुज्या फातरार मिरसांग वाटली, ती चूक पोटात घाल आणि ह्या गाडयेतल्या घराची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. कालच्या दांडेवाल्यांनीच गाडी ढकलून विहिरीपलीकडे नेली. तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तेव्हा मात्र आलं.

आता कशाला थांबायचं, असं वाटलं. त्याच आठवड्यात मी पोरीला घेऊन आले. भावजयीशी एक शब्द बोलले नाही. फुटलेल्या काचेवर प्लास्टिक ताणून बांधलं होतं. पोरीनं गाडी आतून-बाहेरून बघितली, दप्तर पाठीला लावून बघितलं. दुपारी आम्ही झाडापासून लांब जेवायला बसलो, मी आणि पोरगी एका बाजूला, गळ्यात हात बांधलेला नवरा समोर.

पोरीनं भाकरी मोडली आणि सहज विचारलं, "आई, इथं कोण मारतं?"

नवऱ्याला थट्टा सुचली. त्यानं चांगल्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि हसला.

पोरगी हसली नाही. तिनं आपलं ताट उचललं आणि बापाच्या पलीकडं जाऊन बसली.