पक्का लाल

पुसदला आमचं कापड रंगवायचं दुकान होतं. दाराच्या चौकटीला बाबांनी एक लाल सुती चिंधी ठोकली होती. गिऱ्हाईक आलं की आधी ती दाखवायची. कित्येक उन्हाळे खाऊनही लालभडक. मला तिचा तिटकारा होता. आमच्या सांडपाण्यानं गटार लाल व्हायचं, शेजारच्या काकूंच्या हापशाला गुलाबी पाणी यायचं, त्याचं बाबांना काहीच नव्हतं.

शेवटी काकूंनी तक्रार केली आणि नगरपालिकेची नोटीस आली: पाणी स्वच्छ करून सोडा, नाहीतर दुकान बंद.

मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात नेमकं हेच शिकत होते. रंगीत पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड टाकायची आणि उन्हात ढवळत राहायचं. ऊन पडलं की ती पूड रंगाचे कण तोडते. तपासणीच्या आदल्या दिवशी मी पूड आणि प्रयोगशाळेतलं निळं पाणी घेऊन घरी आले. काकूंना अंगणात बोलावलं, आणि काचेच्या परातीतलं ते निळं पाणी दुपारपर्यंत बिनरंगी करून दाखवलं.

"बाई, जादूच हाय वं ही!" काकू म्हणाल्या. मी फुशारले.

बाबा मात्र उखडले. "जिनगीभर मी रंग उन्हात टिकवून राह्यलो, अन् तू उन्हातच मोडून राह्यली."

"तुमाले दुकान वाचवाचं हाय का चिंधी?" मी विचारलं. ते उठून आत गेले.

तपासणीच्या दिवशी पहाटेच मी बाबांच्या टाकीतलं लाल पाणी परातीत ओतलं, पूड टाकली. नगरपालिकेचे साहेब चारला येणार होते. दुपार कलली, ढवळून हात भरून आले, पाणी लालच. माझं डोकं फिरलं. "तुमी काय टाकलं याच्यात?"

"मीठ," बाबा म्हणाले. "रंग पक्का कराले. लहानपणी तूच तं टाके पसापसानं."

रंगाऱ्याची मुलगी मी, आणि मीठच विसरले! प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटर असतं, त्यात चिमूटभर रंग. इथे पुडीचं काम अडवणारं मीठ होतं, सोडा होता, आणि रंग इतका गडद की ऊन पुडीपर्यंत पोचतच नव्हतं. चीड स्वतःचीच आली होती, काढली बाबांवर.

"मंग काल काहून नाई सांगतलं?"

"तू इचारलं काय मले?"

साहेबांनी परात पाहिली आणि दुकानाला सील ठोकलं.

परातीतलं पाणी मी पुडीसकट बाटलीत भरून कॉलेजात नेलं. मार्गदर्शक म्हणाले, असला घाण नमुना नको, शुद्ध रंग घ्या. मी मुकाट्यानं निळं पाणी घेतलं, त्यावरच डिग्री मिळवली. लाल बाटली प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहिली.

आता तिथेच शिकवते. बाबा दर फोनला त्या बाटलीतल्या रंगाचं विचारतात, "उडाला का?"

"नाई."

मग ते खूश होऊन हसतात. दुकान गेलं, काकूंचं पाणी नासवलं, आणि या माणसाला अजून रंगाचं कौतुक! माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गेल्या उन्हाळ्यात ती बाटली पार बिनरंगी झाली. परवा त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाई उडाला," मी म्हणाले, आणि फोन आपटला.