पास्कलभाऊंचा गुडघा आणि कोर्टाची फरशी

निकाल लागलेल्या फाइली आमच्या ऑफिसात माळ्यावर जातात. किस्से मात्र वर जायला तयार नसतात. ते खालीच, चहाच्या कपांच्या आसपास लोळत पडतात. मी नगरच्या कोर्टासमोर देशमाने वकिलांकडे कारकून आहे. साहेब अपघाताच्या भरपाईचे दावे चालवतात. दुचाकीवरून माणूस पडला की सगळ्यात आधी गुडघा पुढे होतो, त्यामुळे आमच्याकडे खांदे-बरगड्या कमी आणि गुडघेच जास्त. इतके, की मला पक्षकारांची नावं लक्षात राहत नाहीत. "उजवा, राहुरीचा" म्हणा, मी फाइल काढून देतो.

* * *

कोर्टाला गुडघ्याचं नुकसान टक्क्यांत लागतं. ते टक्के सरकारी डॉक्टर देतात. सर्टिफिकेट मिळायच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर थेट दहावीच्या निकालाचं वातावरण असतं.

"तुला किती?"

"पस्तीस."

"काठावर पास की रे."

जामखेडच्या एका आजींना बेचाळीस पडले, तर सुनेनं अख्ख्या बाकाला पेढे वाटले. शेजारच्या गृहस्थांना फक्त बारा. त्यांनी पेढा हातात धरून मला हळूच विचारलं, "पेपर परत तपासून मिळतो का हो?"

* * *

त्याच बाकावर मला पास्कलभाऊ साळवे भेटले. श्रीरामपूरचे फरशीवाले. तीस वर्षं उकिडवं बसून लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. मग उसाच्या ट्रॅक्टरनं उडवलं आणि डावा गुडघा गेला. खाली बसलं की उठता येत नव्हतं, आणि उभ्यानं फरशी बसवायची रीत अजून निघालेली नाही. विमा कंपनी म्हणत होती, माणूस धडधाकट आहे, खुशाल कामावर जाऊ शकतो. कोर्टानं तसंच मानलं असतं तर धंदाही गेला आणि भरपाईही.

ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीत टेकायच्या आधी त्यांनी काठीनं जमीन ठोकली. टक, टक, बद्द.

"वकीलसाहेब, तुमच्या टेबलाखाली चार फरश्या पोकळ हायेत."

"असू द्या हो. गुडघ्याचं सांगा."

"गुडघ्याचं काय, त्यो पुढच्या तारखेला बी असाच राहील. फरशी तवर फुटंल."

* * *

भाऊंना पडले चाळीस. आम्ही खूश. पण समोर होते विमा कंपनीचे लुंकड वकील. उंच माणूस, कडक टाचांचे बूट, आणि बोलताना येरझाऱ्या घालायची सवय. ते म्हणाले, "चाळीस टक्के हे पायाचे. पूर्ण शरीराचे धरले तर जेमतेम पंधरा."

साहेबांनी कोर्टाबाहेर हे भाऊंना नीट समजावून सांगितलं. भाऊंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे राहिलेल्या पंच्याऐंशी टक्के अंगानं फरशी बसवायची व्हय? पोटानं बसवू का पाठीनं?"

साहेबांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढे युक्तिवादात ते स्वतःचं म्हणून वापरलं.

* * *

विमा कंपनीनं मग एक गुप्त माणूस श्रीरामपूरला पाठवला. भाऊ चोरून काम करतात का, याचा व्हिडिओ काढायला. हा पठ्ठ्या गिऱ्हाईक बनून गेला. नवीन घर बांधलंय, फरशी बसवायचीय, म्हणाला. भाऊ त्याला घेऊन मेव्हण्याच्या साइटवर गेले आणि तिथं दोन तास उभ्यानं मेव्हण्याच्या चुका दाखवत बसले. म्हणजे उभेच राहिले. दोन तासांच्या त्या व्हिडिओत भाऊ एकदाही खाली वाकले नाहीत. मेव्हणा मात्र तीनदा रडकुंडीला आलाय.

चांगला कोन मिळावा म्हणून गुप्त माणूस फरश्यांच्या थप्पीवर चढला. थप्पी सरकली. त्याला उचलून रिक्षात घातलं ते भाऊंच्याच मेव्हण्यानं.

पंधरा दिवसांनी एक जण लंगडत आमच्या ऑफिसात आला. "कामावर असताना गुडघा गेलाय. कंपनीवर दावा लावायचाय."

कोणती कंपनी ते ऐकून साहेबांनी त्याला ओळखलं. केस घेतली नाही, पण चहा पाजला. त्याला आम्ही "उजवा, गुप्त" म्हणतो.

* * *

साक्षीच्या आधी साहेबांनी भाऊंची तालीम घेतली.

"नजर कुठं ठेवायची?"

"जजसाहेबांकडं."

"खाली?"

"अजिबात न्हाई."

"शपथ घ्या."

"फरशीची घेऊ का बायबलची?"

साहेबांनी त्या दिवशी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली.

* * *

तारीख आली. भाऊ पिंजऱ्यात उभे राहिले. काठी शेजारी टेकवून ठेवली. नजर जजसाहेबांवर, अगदी शिकवल्याप्रमाणे. लुंकडांनी येरझाऱ्या घालत उलटतपास सुरू केला.

"दर रविवारी चर्चला जाता?"

"व्हय."

"तिथं गुडघे टेकता?"

"न्हाई साहेब. फादरनं सूट दिलीय."

"लेखी आहे?"

"देवाच्या दारात सर्टिफिकेट मागत न्हाईत."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. लुंकड मागं वळले आणि पुन्हा चालू लागले. टक, टक, टक, बद्द. मी खाली बघितलं. पिंजऱ्यासमोरची एक फरशी पोकळ होती, आणि लुंकडांचा बूट प्रत्येक फेरीत नेमका तिच्यावर पडत होता.

"अपघाताआधी रोज किती तास काम करायचा?"

टक, टक, बद्द.

भाऊंची नजर जजसाहेबांवरून टेबलावर आली. टेबलावरून लुंकडांच्या बुटावर.

"साक्षीदार, वकील काय विचारतायत तिकडे लक्ष द्या," जजसाहेब म्हणाले.

"व्हय साहेब."

टक, टक, बद्द.

"एक मिनिट, साहेब," भाऊ म्हणाले. काठी तिथंच ठेवून पिंजऱ्यातून उतरले, कठडा धरला, आणि भर कोर्टात त्या फरशीपाशी खाली बसले. बोटाच्या पेरांनी वाजवून बघितली. "खाली माल भरलाच न्हाई. हात चोरलाय."

लुंकडांचा चेहरा उजळला. "साहेब, अर्जदार कुणाच्याही मदतीशिवाय खाली बसलेत. याची नोंद व्हावी."

जजसाहेबांनी टायपिस्टला सांगितलं, "लिहा. अर्जदार विनासाहाय्य खाली बसला."

आमच्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी फाइलीची नाडी बांधायला घेतली.

"ठीक आहे, उठा आता," जजसाहेब म्हणाले.

भाऊंनी शांतपणे वर बघितलं. "तेच तर मगाधरनं सांगतोय, साहेब."

शिपाई आला, त्याला जमेना. मी गेलो. आमचे साहेब कोट सावरत आले. तिघांनी जोर लावला, पण भाऊंचा डावा पाय दुमडलेला तो दुमडलेलाच. कोर्ट खोळंबलं. शेवटी लुंकडांनी हातातले कागद टेबलावर ठेवले आणि भाऊंच्या काखेत हात घातला. तेव्हा कुठं भाऊ उभे राहिले. घाम पुसून म्हणाले, "उपकार झाले. पर वकीलसाहेब, बूट जरा बाजूनं टाकत चला."

जजसाहेब टायपिस्टकडे वळले.

"पुढे लिहा. अर्जदाराला उठवण्यास चार माणसे लागली. त्यांपैकी एक सामनेवाल्यांचे वकील."