मुलांचं दुःख लिहिणारे अंगद सर

आमचे अंगद सर मुलांसाठी पुस्तकं लिहितात. त्यात परी नाही, बोलका ससा नाही. बाप दारू पितो, आई माहेरी निघून जाते, पोरगं शाळा सोडून वीटभट्टीवर राबतं. सर जालन्याला मस्तगडमध्ये राहतात. तिथून मोटरसायकलवर आमच्या शाळेत येतात आणि वर्षातून चारदा वर्गाला 'माझं घर' हा निबंध देतात. पोरं बिचारी खरं लिहितात. सर वह्या घरी नेतात, नावं बदलतात आणि प्रकाशकाला पाठवतात. मी शाळेचा क्लार्क. सतरा वर्षं हा उद्योग बघतोय, आणि मला या माणसाची किळस येते.

नववीतली शिवकन्या हुशार होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे. तोडीला नवराबायकोची जोडी लागते, एकट्याला मुकादम दारात उभं करत नाही. म्हणून आमच्याकडे दसऱ्याला टोळ्या निघायच्या आत पोरी उजवायची घाई असते. दोन वर्षांपूर्वी भादव्यात ती ऑफिसच्या दारात आली, तेव्हा सर माझ्यासमोरच बसले होते.

"सर, माझं लग्न लावून राह्यले. मला दहावी करायची हाय. तुम्ही बापाला सांगा ना. न्हाई ऐकलं तर जिथं फोन करायचा तिथं करा."

सरांचे डोळे चकाकले. "बाळ, हे सगळं लिहून काढ," ते म्हणाले. "मनात काही ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिनं सहा पानं आणून दिली. सरांनी ती आम्हा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. लग्नाचा ब्लाऊज आईनं दोन बोटं सैल शिवायला सांगितला होता, पोरगी अजून वाढतेय, पुढच्या वर्षीही अंगात बसला पाहिजे म्हणून. तिथं सर थांबले, चष्मा पुसला. "काय निरीक्षण आहे!" म्हणाले. सगळ्यांनी वा वा केलं. मीही केलं, खोटं कशाला बोलू? फोन माझ्याच टेबलावर होता. "गावात वाईटपणा कोण घेणार?" असं म्हणून सरांनी पानं बॅगेत टाकली, आणि आम्ही चहा घेतला.

लग्नाला सर गेले. फेटा बांधून घेतला, पंगतीत बुंदी मागून घेतली. आहेर काय केला? आपलंच एक जुनं पुस्तक, सहीसकट. चौदा वर्षांची पोर मुंडावळ्या बांधून उभी, आणि हा गृहस्थ तिला सांगतोय, 'वाचत राहा'!

तिच्यावरचं पुस्तक यंदा आलं. त्यातला शिक्षक भर मांडवात शिरतो, अक्षता थांबवतो, बापाला चार गोष्टी सुनावतो. पोरगी दहावीला पहिली येते. सैल ब्लाऊज मात्र जसाच्या तसा. सरांचे गावोगाव सत्कार झाले. शाली ठेवायला नवं कपाट घेतलं म्हणे. 'मी मुलांचं दुःख जगतो,' असं भाषणात सांगतात. जगतात! अंकुशनगरकडच्या एखाद्या उसाच्या फडात एक सकाळ मोळ्या उचलून दाखवा म्हणावं.

मागच्या महिन्यात शिवकन्या जन्मतारखेचा दाखला न्यायला आली. कडेवर मूल. सरांनी लगबगीनं नवं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. "तुझ्यावरच लिहिलंय, बघ."

मूल खाली बसवून ती तिथंच उभ्या उभ्या शेवटची पानं वाचायला लागली. आता ही पुस्तक फेकून मारेल, असं मला वाटलं. मारावं, असंही वाटलं. पण तिचा चेहरा उजळत गेला. तिनं मान वर केली. बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

"सर, ह्या पुस्तकातले सर कोण्या शाळेवर हायेत? आमची बारकी बहीण सत्यशीला यंदा आठवीत गेली. तिच्यासाठी स्थळ बघून राह्यले. तिला जल्दी तिथं टाकते."