कापडातून आलेला श्वास

नायलॉनच्या कापडाला स्वतःचा एक आवाज असतो. रेशीम सळसळतं, सुती कापड नुसतं पडून राहतं. पण पॅराशूटचं कापड फरशीवरून ओढलं, की दात आवळून कुणीतरी हळूच श्वास आत घेतंय असं वाटतं. मार्गशीर्षातल्या एका दुपारी वसईजवळ बोळिंजच्या आमच्या घरात मी तो आवाज ऐकला आणि स्वयंपाकघरातून नकळत विचारलं, "कोण आलंय?" आलं कुणीच नव्हतं. माझा धाकटा भाऊ सुहास हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून एकटाच ते निळं कापड पसरत होता.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. बोळिंजला तेव्हा माणसांच्या आधी इमारती येऊन उभ्या राहिल्या होत्या. आमच्या मजल्यावरची बाकीची दारं कुलूपबंद असत. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला, की रिकाम्या घरांच्या खिडक्या एकापाठोपाठ एक कुरकुरायच्या. अजून राहायला न आलेली बिऱ्हाडं आतल्या आत येरझाऱ्या घालत असावीत तशा! अशा निःशब्दतेची हळूहळू सवय होते म्हणतात. मला ती कधीच झाली नाही.

सुहास युरोपातल्या एका डोंगराळ गावी हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. दिवाळीनंतर हॉटेल काही आठवडे बंद असे, तेव्हा तो घरी यायचा. तिथेच त्याला वसईच्या पाचूबंदरचा डॉमनिक भेटला. परक्या बर्फात आपल्याच गावाकडची बोली कानावर पडली, की मैत्रीला आणखी काय लागतं? दोघं मिळून आधी विमानातून उडी मारायला शिकले आणि मग सरळ कड्यांवरून. त्याला बेस जंपिंग म्हणतात. कड्याच्या टोकावरून पाऊल पुढे टाकायचं, हातातलं छत्रीएवढं छोटं पॅराशूट वाऱ्यात सोडायचं, आणि त्यानं पाठीवरचं मोठं पॅराशूट ओढून काढेपर्यंत पडत राहायचं. मोठं उघडलं नाही, तर दुसरं नसतं.

डॉमनिकला कड्यांनी कधी ओरखडाही काढला नाही. एका सकाळी पाव आणायला म्हणून तो रस्ता ओलांडत होता आणि ट्रकनं त्याला उडवलं. शवपेटीमागून त्याचं सामान वसईला आलं, त्यात हे निळं पॅराशूट होतं. त्याची आई, आमची मार्थामावशी, दफनानंतर सुहासला म्हणाली, "हे तूच ने, पोरा. माझ्या घरात ह्याला पसरायला पन जागा नाय." तेव्हापासून सुहासनं स्वतःचं पॅराशूट बाजूला ठेवलं आणि डॉमनिकचंच वापरायला लागला.

त्या दुपारी मी सहज विचारलं, "हे कापड जुनं झालं, हे कळतं कसं रे?" माणसाचं वय केसांत दिसतं, भिंतीचं पोपड्यांत. पण हे कापड तर अजून समुद्रासारखं निळंभोर होतं! सुहास हसला. त्यानं कापडाचा एक पट्टा तोंडासमोर ताणून धरला आणि मला पलीकडून तळहात लावायला सांगितलं. "नव्या कापडातून फुंकर आरपार येत नाही, ताई. ऊन, धूळ, खारी हवा आणि प्रत्येक उघडणं त्याची वीण सैल करतं." त्यानं फुंकर मारली. माझ्या तळहातावर त्याचा ऊबदार श्वास स्पष्ट उमटला.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. सुहास उठून गेला. माझा हात तसाच कापडाखाली राहिला होता, आणि त्या तळहातावर पुन्हा एक श्वास आला. तसाच ऊबदार, तसाच सावकाश. पंखा बंद होता. खिडक्या मी स्वतः लावल्या होत्या. दाराशी गेलेल्या सुहासचा आवाज मला ऐकू येत होता. "इथे नाही, पलीकडच्या इमारतीत बघा," असं तो कुणाला तरी सांगत होता. मी हात ओढून घेतला. दार उघडल्यावर वाऱ्याची झुळूक आत शिरली असेल. असेलच! पण झुळूक ऊबदार कशी असते?

परत आलेल्या सुहासनं माझा चेहरा पाहिला, आणि जे तो कुणालाच सांगणार नव्हता ते त्यानं मला सांगितलं. छोटं पॅराशूटही तितकंच विरलं होतं. वारा त्यातून निसटायचा, त्यामुळे मोठं उघडायला उशीर लागू लागला होता. आणि त्या उशिरात, कडा सुटल्यावर आणि कापड भरण्याआधी, त्याला डॉमनिकची हाक ऐकू यायची.

"आधी नुसतं 'सु' एवढंच ऐकू यायचं," तो म्हणाला. "आता पूर्ण नाव येतं."

"म्हणजे उशीर वाढतोय."

"हो."

तो 'हो' म्हणाला त्यात भय नव्हतं. एक गूढ, तृप्त आनंद होता, आणि त्यानंच माझ्या अंगावर काटा आला. कापड संपत आलंय हे त्याला माझ्याहून नीट ठाऊक होतं. संपत आलंय म्हणूनच तो ते टाकत नव्हता. जे विरतं त्यातूनच पलीकडचं दिसू लागतं, हे खरं असेलही. पण पलीकडचं पूर्ण दिसावं म्हणून माणसानं किती विरू द्यावं? येत्या रविवारी तो जुन्नरकडच्या एका कड्यावरून उडी मारणार होता. मी रागावले, रडले, आईची शपथ घातली. त्यानं माझे डोळे पुसले आणि घड्या घालत राहिला.

मला दुसरा मार्ग सुचला नाही. मी त्याला मार्थामावशीकडे घेऊन गेले. वाटलं होतं, एका मुलाला मातीत ठेवलेली आई या मुलाला तरी अडवेल. पाचूबंदरला उतरत्या उन्हात मासळी वाळत होती. मावशी उंबऱ्यात बसली होती. सुहासनं मान खाली घालून सगळं सांगितलं. मावशीनं त्याचं मनगट धरलं.

"नाव घेतो तुजा? आनखी काय बोलतो?"

"तेवढंच, मावशी. मग पॅराशूट उघडतं."

"मंग थोडा उशिरा उघडू दे ना!" ती पुढे सरकली. तिचे डोळे तहानल्यासारखे चमकत होते. "थोडाच येळ. त्याला इचार, दुखला काय रे तुला? इचार, आईला काय सांगू? इचारशील ना? थोडा जास्ती येळ मिलाला तर बोलंल तो."

ती क्रूर नव्हती. सुहास मरेल हे तिच्या ध्यानातच येत नव्हतं. तिला फक्त आपल्या पोराचा आवाज हवा होता. सुहास मात्र तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. इतके दिवस जी तहान त्याच्या आत होती, ती त्याला पहिल्यांदाच समोरून दिसली असावी. त्यानं हलकेच मनगट सोडवून घेतलं. "विचारतो, मावशी," एवढंच तो पुटपुटला.

घरी आल्यावर त्यानं माझी शिवणकामाची कात्री मागितली. वापरातून बाद केलेलं पॅराशूट कापून टाकायचं असतं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पाठीवर ते जाणार नाही. मी कापड ताणून धरलं, तो दोऱ्या कापत गेला. एकेक दोरी तुटताना बारीक, ओलसर आवाज यायचा. आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हतो. कापड शेवटी पूर्ण निपचित झालं तेव्हा सुहास त्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडला. डॉमनिकच्या दफनाच्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

त्या रविवारी तो कुठेही गेला नाही. पुढच्या वर्षी तो नवंकोरं पॅराशूट घेऊन आला आणि यावेळी मीही जुन्नरला गेले. पायथ्याशी, गुडघाभर वाळल्या गवतात उभी राहून मी वर पाहत होते. कड्यावरून एक ठिपका सुटला, आणि माझा श्वास अडकायच्या आतच आभाळात फटकन पॅराशूट उघडलं. सुहास संथपणे उतरला, गवतात बसला. मी धावत गेले.

"काही ऐकलंस?"

"वारा," तो म्हणाला. पॅराशूट गोळा करता करता पुन्हा म्हणाला, "नुसता वारा, ताई."

संध्याकाळी परतताना तो आपणहून पाचूबंदरला वळला. मार्थामावशी वाटच पाहत होती. वर्षभर पाहत असावी. तिनं विचारलं, "भेटला? काय बोलला?"

सुहास तिच्या पायाशी बसला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो खरं सांगेल की नाही, मला कळेना.

"दुखलं नाही म्हणाला."

मावशीनं डोळे मिटले. तिचे ओठ प्रार्थनेत हलल्यासारखे हलले. मग तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला आणि जरा रुसूनच विचारलं, "एवढाच?"

"एवढंच, मावशी," सुहास म्हणाला. "आता वेळ कमी मिळतो."