नऊशे नव्व्याण्णव काका

पत्ता विचारल्यावर, माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणणारा माणूस ठाण्यात मी एकच पाहिला. बाकीचे ठाणेकर हात वर करून तुम्हाला कुठेतरी पाठवतातच. अगदीच नाही तर 'पुढे जाऊन विचारा' म्हणतात. आमच्या ऑफिसातले काका थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, खरोखर आठवून बघायचे आणि मग मोठ्या समाधानाने म्हणायचे, "नऊशे नव्व्याण्णव." विचारणारा बिचारा त्या नंबरचं घर शोधत निघून जायचा.

हा आकडा काकांनी वेधशाळेतून आणला होता. तिथल्या नोंदींमध्ये ज्या तासाचा वारा मोजायचा राहिला, तिथे ९९९ लिहितात. एवढा वारा पृथ्वीवर कुठेच वाहत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला कळतं की इथलं आम्हाला ठाऊक नाही. काका वेधशाळेतून निवृत्त झाले, पण आकडा काही त्यांनी परत केला नाही. धाकट्या मेहुण्याचं वय किती, साहेब कुठे गेलेत, डब्यात काय आहे, सगळ्याला एकच उत्तर. "अहो, डबा उघडून तरी बघा!" असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "मोजलं नाही, तोवर माहीत नाही."

आमचं ऑफिस नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांचं. कुठल्या कारखान्याला नवी चिमणी उभारायची असली की तिचा धूर कुठे जाईल आणि कुणाच्या डोक्यावर उतरेल, हे आधी संगणकावर मांडून दाखवावं लागतं. आम्ही ते मांडून देत असू. त्यासाठी त्या भागातला वर्षभराचा, दर तासाचा वारा लागतो. तापमान लागतं, ढग लागतात. यंत्रातून आलेले आकडे फार अवतारात असतात. त्यांना न्हाऊमाखू घालून, भांग पाडून संगणकापुढे बसवायचं काम काकांचं. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा मला वाटलं, हे काय, आठवड्याचं काम. काकांना एक महिना साफ करायला महिना लागायचा.

मी राहायला डोंबिवलीला, एमआयडीसीजवळ. त्या वर्षी नेमकी तिथल्याच एका कारखान्याची चिमणी आमच्याकडे आली आणि वारा मोजायचं यंत्र बसवायला गच्ची हवी होती. "आमच्या सोसायटीची आहे की!" असं मीच पुढे होऊन म्हणाले. नव्या माणसाला उत्साह फार. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, घरात पगार एक आणि तोही कच्च्या नोकरीचा. "ही फाइल नीट जाऊ दे, तुला पर्मनंट करून टाकू," साहेब म्हणालेले. दर पंधरा दिवसांनी गच्चीवर जाऊन यंत्र नीट फिरतंय ना ते बघायचं आणि ऑफिसच्या वहीत तशी नोंद करायची, एवढी जबाबदारी माझ्यावर. पहिले दोन महिने मी इमानाने चार मजले चढले. मग रस्त्यावरून मान वर करून बघायला लागले. मग मानही वर करेनाशी झाले. वहीत बरोबरची खूण मात्र वेळेवर.

त्या खुणांवर काकांचा राग. "ही काय खूण? कावळ्याने चोच मारलीय? सही कुठाय? तारीख कुठाय?" एकदा मी एका चुकीवर पांढरी शाई फासली तर काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी वही समोर ठेवून म्हणाले, "अगं, चूक लपवायची नसते. एक आडवी रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं. मग सही, मग तारीख. म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं, माणूस चुकला होता आणि मग शहाणा झाला." मी मान डोलावली आणि पुढच्या पंधरवड्याला पुन्हा कावळ्याची चोच मारली.

सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या काकांच्या निरीक्षणाच्या वेळा. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. मीटिंग चालू असो, समोर गिऱ्हाईक असो, साडेपाचला काका उठून खिडकीशी जायचे, आभाळ बघायचे आणि "तीन अष्टमांश" असं पुटपुटून परत बसायचे. आभाळाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी भरलेत, ते हे माप. पुढे पुढे ते माणसांनाही लावायचे. साहेब आत आले की माझ्याकडे न बघता हळूच, "सात अष्टमांश. आज रजा मागू नकोस."

आणि फाइलवर विश्वास? छे! शीळफाट्याजवळच्या एका जागेचे आकडे आले, तर काका रिक्षा करून तिथे गेले आणि टपरीवाल्याला विचारत बसले, की बाबा रे, सकाळी तुझ्या स्टोव्हचा धूर कुठल्या बाजूला जातो? टपरीवाला म्हणाला, "काका, चहा हवाय का वाद घालायचाय?" काकांनी दोन चहा घेतले आणि उत्तर घेऊनच आले. म्हणायचे, "फाइलमधला वारा खोटा असला तरी चिमणीचा धूर खराच निघतो. तो कुणाच्या तरी घरात शिरणार. निदान कुणाच्या, ते तरी खरं सांगावं."

तर, आमच्या गच्चीवरचं वर्ष पूर्ण झालं. पावसाळ्यात यंत्राची बॅटरी बसून बरेच तास बुडाले होते, तिथे काकांचे नऊ आधीच पडलेले. नऊ फार झाले की वर्षच बाद धरतात, आणि आम्ही अगदी काठावर होतो. साहेब रोज विचारत, "काका, अजून नऊ नाही ना टाकले?" फाइल द्यायच्या शेवटच्या आठवड्यात काकांनी एका दुपारी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला हाक मारली.

"इकडे ये. वाऱ्याला रविवार कोणी शिकवला?"

मला काही कळेना. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पावसाळा सोडला तर जवळजवळ दर रविवारी, सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत, वारा शून्य. कमी नाही, शून्य. चारनंतर पुन्हा सुरळीत. "सोमवारी वाहतो, शनिवारी वाहतो, रविवारी जेवून झोपतो? सरकारी नोकर आहे का हा?"

साहेबांना यात काही वावगं वाटलं नाही. "वारा पडतो कधीकधी, काका. नाहीतर असं करा, शनिवारचे आकडे रविवारी कॉपी-पेस्ट मारा. कोणाला कळतंय?"

"शनिवारचा वारा शनिवारीच निघून गेला, साहेब," काका म्हणाले. "तो कुठून आणू?"

पुढच्याच रविवारी काका स्वतः डोंबिवलीला येऊन हजर. चार मजले चढून आम्ही गच्चीवर गेलो, काका दर मजल्यावर थांबत आणि मी मनात देवाचा धावा करत. वर पाहते तर पाण्याच्या टाकीला लागून दोरीवर आमच्या घरच्या चार गोधड्या ओळीने वाळत टाकलेल्या. टाकीवर उभं ते यंत्र. त्याचं भिरभिरं परकराच्या जुन्या नाडीने व्यवस्थित, फुलगाठ मारून बांधून ठेवलेलं. आणि शेजारी, कडेला पापडाचं प्लास्टिक पसरत, माझी आई.

"अगं आई, हे काय केलंस!"

"काय केलं? गोधडीचं टोक त्यात अडकत होतं. मोडलं असतं म्हणजे? तुझ्या हापिसची वस्तू, म्हणून बांधून ठेवते. आणि संध्याकाळी आठवणीने सोडते हो! एक दिवस विसरले नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका मात्र हरखून गेले होते. त्यांनी खिशातली डायरी काढली. "वहिनी, बांधता किती वाजता?"

"अकराला. पूजा आटपली की."

"आणि सोडता?"

"चारला. चहा टाकायच्या आधी."

"एवढा नियमित निरीक्षक मला अख्ख्या नोकरीत मिळाला नाही," काका म्हणाले. आईला वाटलं आपलं कौतुक चाललंय. तिने त्यांना पोह्यांचा आग्रह केला आणि ते दोनदा घेऊन खाल्लेही.

जिना उतरताना मात्र ते दुसऱ्या मजल्यावर थांबले. "वहीत वर्षभर खुणा आहेत. तू गच्चीवर आली होतीस?"

मी खालच्या पायऱ्या मोजायला लागले.

"नऊशे नव्व्याण्णव?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"नाही काका. माहीत आहे. पहिले दोन महिने सोडले तर आलेले नव्हते." आणि मी तिथे जिन्यातच रडायला लागले. नोकरी जाणार, पुढच्या महिन्यापासून घर कसं चालवू, हे सगळं त्यांना सांगून टाकलं. काका कठडा धरून ऐकत उभे होते. शेवटी म्हणाले, "गोधड्या छान शिवल्यात वहिनींनी," आणि उतरायला लागले.

सोमवारी त्यांनी सगळ्या रविवारांवर नऊ टाकले. वर्ष बाद झालं. कारखान्याला सांगावं लागलं की पुन्हा मोजायचंय, अजून थांबा. फोनवर साहेबांना जे ऐकून घ्यावं लागलं ते खालच्या दवाखान्यातसुद्धा ऐकू गेलं असेल. फोन ठेवून ते बाहेर आले. आठ अष्टमांश. "इन्स्पेक्शन कोणाकडे होतं?" वही त्यांच्या हातात होती. पानापानावर माझ्या खुणा. सही कुठेच नाही.

मी खुर्चीवरून उठले. तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "माझ्याकडे."

आणि त्यांनी साहेबांच्या हातातून वही घेतली, शेवटच्या खुणेखाली आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, 'पाहणीची जबाबदारी माझी होती. पाहणी झाली नाही.' खाली सही, तारीख. ज्या माणसाने उभ्या जन्मात वाऱ्याचा एक तास अंदाजाने भरला नाही, त्याने ते वाक्य न थांबता लिहिलं. आणि मी उभी होते तशी खाली बसले. हे मी कुणाला सांगत नाही, पण ते खरं आहे. मी खाली बसले.

महिनाअखेरीस साहेब म्हणाले, "काका, आता तुम्ही आराम करा." काकांनी आपली छत्री, पट्टी आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि कसंबसं विचारलं, "का केलंत काका असं?"

"नऊशे नव्व्याण्णव," काका म्हणाले आणि रिक्षात बसले. माहीत असून त्यांनी हा आकडा वापरला तो तेवढ्या एका वेळी.

मी पर्मनंट झाले. पुन्हा मोजणी झाली, तेव्हा दर पंधरा दिवसांनी चार मजले चढले आणि आईच्या गोधड्यांची दोरी दुसऱ्या टोकाला बांधून दिली. काकांच्या टेबलावर मी बसायला लागले. फाइल आली की आधी तिथल्या माणसांना विचारायला लागले आणि माझ्या फाइलींत नऊ दिसले की साहेब कपाळाला हात लावायला लागले. दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग एक दिवस ऑफिसातल्या नव्या मुलीने वहीत नुसती खूण केली आणि मी तिला फाडकन म्हणाले, "सही कुठाय? कावळ्याने चोच मारलीय का?" म्हणाले आणि जीभ चावली. ती बिचारी सही करत होती आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

त्याच दिवशी जुनी वही काढून मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. नाडी, जिना, सगळं. साहेबांनी वही घेऊन पानं चाळली. मग म्हणाले, "आता एवढ्या वर्षांनी सांगून काय करू मी त्याचं?"

"काही नका करू. नोंद तेवढी बरोबर असू दे."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी काकांच्या वाक्यातल्या 'माझी'वर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी माझं नाव लिहिलं. सही केली. घाईघाईने वही मिटली. दाराशी पोचले तेव्हा साहेबांनी विचारलं, "काका कल्याणलाच असतात ना अजून?"

काका कल्याणलाच होते, गुडघ्यांनी जेरीस आणलेले, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत, म्हणून ती दुपार मी नीट जपून ठेवलीय. मी वही त्यांच्या मांडीवर उघडून ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. पान दोनदा वाचलं. मला वाटलं आता रागावतील, नाहीतर निदान डोक्यावर हात तरी ठेवतील.

"रेघ बरी मारलीस," काका म्हणाले. "तारीख कुठाय?"

घाईत ती राहिलीच होती. त्यांनी आपलं पेन पुढे केलं. मी सही केली त्या दिवसाची तारीख घातली.

"ही तुझ्या सहीची झाली. मला दाखवलंस ती आजची. तीही खाली घाल. वारासकट."

मी आजची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, रविवार. काकांनी वही लांब धरून ते वाचलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घराच्या गॅलरीत कुणीतरी चादर वाळत टाकली होती आणि ती छान फडफडत होती.

"आज आहे हो वारा," काका म्हणाले.